बार्शी लाइट : एका लहान आगगाडीचा उदय आणि अस्त

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत आगगाडीचा इतिहास कशासाठी, अशी शंका काही ज्ञातिबांधवांच्या मनात येईल. ती रास्त आहे. परंतु आपल्या नामदेव शिंपी समाजाच्या सोलापूर, धाराशिव, लातूर व सांगली या जिल्ह्यांतील कुटुंबांच्या नोंदी वाचू लागले म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. कोणते कुटुंब मूळ गाव सोडून कोठे गेले, कोणाची मुलगी कोठे दिली, कोणाचे दुकान कोणत्या पेठेत निघाले, हे पाहता पाहता मिरजेपासून लातूरपर्यंत एक रेघ उमटत जाते. ही रेघ म्हणजेच बार्शी लाइट रेल्वे. आज तिचे अडीच फुटी रूळ उरलेले नाहीत. तरीही तिने घातलेली समाजाची घडी अद्याप पुरती मोडलेली नाही. म्हणून तिचा वृत्तान्त आपल्या घरचाच समजावा.

प्रथम त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईहून मद्रासकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा थोर मार्ग 1859-60 साली सोलापूर जिल्ह्यातून गेला. तो बार्शीस गेला नाही. कुर्डूवाडीवरून पुढे निघून गेला. तथापि बार्शीची पेठ इतकी मोठी होती, की रेल्वेने आपल्या स्टेशनाला कुर्डूवाडी हे नाव न देता ‘बार्शी रोड’ हे नाव दिले. बार्शी म्हणजे बालाघाटाचा दरवाजा. निजामाच्या राज्यातील कापूस, जवस, करडई, तूर, ज्वारी हा सारा माल घाट उतरून बार्शीच्या अडतीवर येई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा बार्शीचाही भाग्योदय झाला. मात्र बार्शीपासून बार्शी रोडपर्यंतचे सुमारे एकवीस मैल बैलगाडीनेच तोडावे लागत. सुगीच्या दिवसांत रस्त्यावर गाड्यांच्या रांगाच्या रांगा लागत, आणि अवकाळी पाऊस आला की कापसाची गठाणे वाटेतच भिजत. अशी सदतीस-अडतीस वर्षे गेली.

हे एकवीस मैल एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराच्या नजरेत भरले. त्याचा जन्म 1857 चा. जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत तो 1882 साली येथे आला. थोर मार्गाला माल आणून देणारे स्वस्त, लहान मार्ग खेड्यापाड्यांतून बांधावेत, या विचाराने त्यास झपाटले होते. पुढे त्याने नोकरी सोडली, सरकारशी दीर्घ वाटाघाटी केल्या, आणि 1895 साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली. कॅलथ्रॉप तिचा सल्लागार इंजिनियर झाला.

त्याच्या योजनेतील मर्म थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण या गाडीचा उदय आणि अस्त या दोहोंचे बीज त्यातच आहे. थोर मार्गाच्या दोन रुळांत साडेपाच फूट अंतर असते. याने अडीच फूट ठेवले. पण एवढ्यानेच खर्च वाचत नाही. खर्च रुळाच्या जाडीवर, पुलाच्या बळकटीवर आणि भरावाच्या रुंदीवर अवलंबून असतो. आणि हे सर्व गाडीतील सर्वांत जड आसाच्या भारावरून ठरते. साधारणतः इंजिनाचा आस सर्वांत जड असतो. म्हणजे एकट्या इंजिनासाठी सारा मार्ग जाड बांधावा लागतो, आणि मागचे हलके डबे त्या जाड रुळांवरून फुकट धावतात. कॅलथ्रॉपने ठरविले की, इंजिन असो, मालडबा असो की उतारूंचा डबा असो, कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार पडता कामा नये. परंतु डबे मात्र त्या मर्यादेपर्यंत पुरेपूर भरावेत. इंजिनाचे वजन विभागण्यासाठी त्याला जोडचाकांच्या चार जोड्या, म्हणजे आठ चाके दिली. लीड्स येथील किटसनच्या कारखान्यात ही इंजिने तयार झाली. डबे दाबीव पोलादी सांगाड्यांचे व लांब, दोन्ही टोकांस चारचाकी वळत्या गाड्यांवर बसविलेले. त्यामुळे वजन कमी आणि माल जास्त, असा हिशेब साधला. वर्गात मुलांना मी हे खाटेच्या दृष्टान्ताने सांगत असे : जड माणसाला खाटेवर घालून दोघांनी उचलले तर दोघांचे खांदे मोडतात, आठ जणांनी उचलले तर कोणालाच जाणवत नाही. एका यार्डास अवघे 30 पौंड वजनाच्या हलक्या रुळावर एवढा मोठा व्यापार वाहून नेता येतो, हे या लहान गाडीने दाखवून दिले.

या इंजिनियराची बुद्धी किती बहुमुखी होती, याचे एक उदाहरण जाता जाता देतो. पुढील आयुष्यात त्याने विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी हवाई छत्री तयार केली आणि तिला ‘रक्षक देवदूत’ अशा अर्थाचे नाव दिले. बार्शीच्या धर्तीवर त्याने इंग्लंडातही लीक आणि मॅनिफोल्ड दरीत एक लहान रेल्वे बांधली. ती 1904 साली सुरू झाली व 1934 साली बंदही पडली. आपली बार्शी लाइट तिच्या आधी जन्मली आणि तिच्यानंतर सत्तरांहून अधिक वर्षे जगली.

बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग 1897 साली खुला झाला. ते साल दुष्काळाचे आणि प्लेगाचे. अशा वर्षी सुरू झालेल्या गाडीस लोकांनी प्रथम कोणत्या दृष्टीने पाहिले असेल, हे निराळे सांगावयास नको. पण चारपाच सुगी सरल्या आणि बार्शीचे व्यापारी तिच्यावाचून चालणार नाही असे म्हणू लागले. जिनिंगचे कारखाने वाढले, पुढे कापडाच्या गिरण्याही निघाल्या. कापूस बाहेर जाऊ लागला आणि मुंबईचे कापड आत येऊ लागले.

येथे एका प्रचलित समजाचा विचार करणे अवश्य आहे. रेल्वेमुळे बार्शी वाढली, असे सरसकट म्हटले जाते. माझ्या मते हे अर्धसत्य आहे. गाडी बार्शीस येऊन थांबत होती तोपर्यंतच बार्शी वाढली. शाखामार्गाचे शेवटचे स्टेशन ज्या गावी असते, त्या गावाचे भाग्य फळफळते. कारण पुढच्या पन्नास-साठ मैलांतील सारा माल तेथेच येऊन पडतो. परंतु कंपनीने मार्ग पुढे वाढविला. बालाघाट चढून, निजामाच्या हद्दीत शिरून, येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड अशी गावे घेत तो 1911 साली लातूरला पोहोचला. जो माल पूर्वी गाड्या जुंपून बार्शीच्या अडतीवर यावयाचा, तो आता लातुरातच डब्यात भरला जाऊ लागला, आणि बार्शीच्या फलाटावरून झाकल्या डब्यातून पुढे जाऊ लागला. लातूरची पेठ मराठवाड्यातील अग्रगण्य पेठ झाली, ती येथपासून. बार्शी एकाएकी खालावली असे नव्हे. तिची अडत, तिची तूरडाळ, तिच्या गिरण्या पुढेही पुष्कळ वर्षे नावाजलेल्या राहिल्या. पण ‘दरवाजा’ हे तिचे स्थान गेले. आपल्या समाजातील जी घराणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बार्शी सोडून लातूरकडे सरकली, ती उगाच सरकली नाहीत.

निजामाची हद्द ओलांडताना करोडगिरी नावाची जकात द्यावी लागे, आणि पलीकडे हाली शिक्का चाले. कापडाची गठडी घेऊन जाणाऱ्या आपल्या लोकांना ही दुहेरी कटकट असे. रुपयाच्या मोडीचा हिशेब ज्यास तोंडपाठ, त्यालाच त्या बाजाराला पाठवावयाचे, असा आमच्या घरी शिरस्ता होता, असे आजोबा सांगत.

दुसरा फाटा दक्षिणेकडे निघाला. कुर्डूवाडीहून मोडनिंबवरून पंढरपूर, आणि तेथून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ या अवर्षणी मुलुखातून 1927 साली मिरज. कॅलथ्रॉपचे निधन त्याच वर्षी झाले. लातूरपासून मिरजेपर्यंत सर्व मिळून सुमारे 202 मैल लांबीची ही रेल्वे झाली. एकवीस मैलांच्या रोपट्याचा हा वटवृक्ष होय.

पंढरपूरच्या फाट्याविषयी आपल्या समाजाने विशेष ममत्व बाळगावे, हे स्वाभाविकच आहे. महाद्वारातील नामदेव पायरीवर मस्तक टेकविल्याखेरीज आपल्यापैकी कोणाची वारी पुरी होत नाही. पायी दिंडीचे माहात्म्य निराळे, ते कोणी नाकारीत नाही. परंतु म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या स्त्रिया, आणि सुगीमुळे महिनाभर घर सोडणे ज्यांना शक्य नाही असे कारागीर यांना विठ्ठलाचे दर्शन या लहान गाडीने सुलभ करून दिले. आषाढी-कार्तिकीस उतारूंचे डबे पुरत नसत. मालाचे डबेदेखील यात्रेकरूंनी भरत, टपावर माणसे बसत. मनुष्यांना गुरांप्रमाणे कोंबून नेणे ही लाजिरवाणी गोष्ट होती, आणि यात्रेच्या उत्पन्नावर गबर होणाऱ्या कंपनीस ती शोभणारी नव्हती, हे स्पष्टपणे लिहून ठेविले पाहिजे. पण त्याच डब्यांत टाळ वाजत होते आणि त्याच डब्यांत अठरापगड जातींचे लोक मांडीला मांडी लावून बसत होते, हेही खरे. दाटीमध्ये सोवळे राखणे कोणास शक्य होते?

मिरजेचा मार्ग झाल्याने आणखी एक लाभ झाला. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेस काढलेले मिशनचे रुग्णालय दूरवर प्रसिद्ध होते. सांगोला-पंढरपूरकडील रोगी पूर्वी बैलगाडीत घालून आणावे लागत, आणि बहुतेक आणले जातच नसत. गाडी झाल्यावर मोतीबिंदूची म्हातारी माणसे, अडलेल्या बाळंतिणी मिरजेस जाऊ लागल्या. ‘मिरजेला नेले’ या दोन शब्दांना आमच्या लहानपणी जो गंभीर अर्थ होता, तो या गाडीमुळेच आलेला.

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. बार्शी लाइट येण्यापूर्वीचा खेड्यातील शिंपी बलुत्यावर आणि हातशिलाईवर जगणारा होता. बाराबंद्या, कोपऱ्या, बायकांच्या चोळ्या, मुलांची कुंची हा त्याचा संसार. गाडीने दोन वस्तू आणल्या : गिरणीचे तागे आणि शिलाईचे यंत्र. यंत्रामुळे एका माणसाचे काम चौपट झाले. मात्र यंत्राचे हप्ते फेडावयास रोख पैसा हवा, आणि खेड्यात तो नव्हता. म्हणून आपली माणसे स्टेशनाच्या गावी आली. रविवारी एका स्टेशनचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या, शुक्रवारी तिसऱ्या, अशा क्रमाने तयार कपड्यांची गाठोडी घेऊन ती फिरू लागली. माझे आजोबा असेच फिरत. यंत्राचा वरचा भाग पोत्यात गुंडाळून मांडीवर घ्यावयाचा, पाय खाली बाजाराच्या गावी कोणाच्या तरी पडवीत ठेविलेला असावयाचा; उतरल्यावर दोन्ही जोडले की दुकान तयार. आपल्या समाजात ‘शिंपी’ जाऊन ‘कापडदुकानदार’ ही जी पायरी आली, ती या फिरत्या बाजारांतून आली. सर्वांनाच ती चढता आली नाही. ज्यांच्या गावावरून गाडी गेली नाही, त्यांचे बलुते गिरणीच्या कापडाने हळूहळू आटविले आणि यंत्र घेण्याची ऐपतही ठेविली नाही. आज ज्ञातीच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज येतात, त्यांतील गावांची नावे नकाशावर पाहावीत. त्यांपैकी पुष्कळ गावे जुन्या स्टेशनांपासून दूर असल्याचे आढळेल.

सोयरिकीचेही असेच झाले. जुन्या पिढीत मुलगी दहाबारा कोसांच्या आत द्यावयाची, कारण माहेरी न्यावयास-आणावयास बैलगाडीच असे. रूळ झाल्यानंतरच्या पिढीत सांगोल्याची मुलगी मुरूडला आणि बार्शीची कवठे महांकाळला दिलेली दिसते. अंतर दहापट वाढले. पण मुलीला एकटीला धाकट्या भावाच्या सोबतीने माहेरी येता येऊ लागले. गार्डाच्या ओळखीवर लेकीला गाडीत बसवून देणारे बाप मी पाहिले आहेत. पोटजातींतील भेद विरघळण्यासही यामुळे मदत झाली, असे माझे मत आहे. कारण दूरच्या स्थळाची चौकशी करताना लोक पोटजातीपेक्षा स्टेशन किती जवळ आहे, हे आधी विचारू लागले.

गाडी मंद होती. येडशीकडचा बालाघाटाचा चढ चढताना तरुण पोरे खाली उतरून बोरे वेचीत आणि पुन्हा चढत, असे सांगतात. अशा कथा प्रत्येक लहान गाडीविषयी सांगितल्या जातात, तेव्हा त्यांत अतिशयोक्ती धरूनच चालावे. पण ती मंद होती म्हणून कोणी तिला सोडले नाही. तिच्यापेक्षा जलद असे दुसरे वाहन येईपर्यंत ती जलदच होती.

अस्ताची कारणे दोन. पहिले कारण तिच्या जन्माबरोबरच आलेले होते. कुर्डूवाडीस थोर मार्ग, मिरजेस मीटर मार्ग आणि दोहोंच्या मध्ये हा अडीच फुटी मार्ग. एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर चालत नाही. म्हणून लातूरहून मुंबईस जाणारे प्रत्येक पोते कुर्डूवाडीच्या मालधक्क्यावर लहान डब्यातून उतरवून हमालाच्या पाठीवरून मोठ्या डब्यात चढवावे लागे. त्यात वेळ जाई, मजुरी जाई, पोती फाटत, वजनात तूट येई. या उलाढालीवर कुर्डूवाडी गाव वाढले, रेल्वेचा कारखानाही तेथे झाला, आणि शेकडो कुटुंबांची चूल पेटली. बैलगाडीशी स्पर्धा होती तोपर्यंत व्यापाऱ्यांनी हा भुर्दंड सोसला. मोटारगाडीशी गाठ पडताच तो असह्य झाला. लातूरच्या गुदामातून भरलेला ट्रक थेट मुंबईच्या पेठेत रिकामा होतो; त्यास ना कुर्डूवाडी आडवी येत, ना हमाल.

दुसरे कारण एस. टी. 1948 साली सरकारी मोटारसेवा सुरू झाली आणि काही वर्षांत ती गावोगाव पोहोचली. आगगाडीला स्टेशन लागते, आणि स्टेशन गावापासून मैल-दोन मैल दूर असते, एस. टी. वेशीपाशी उभी राहते. दिवसातून एकदोन वेळा येणाऱ्या गाडीसाठी मग कोण ताटकळत बसणार?

1 जानेवारी 1954 रोजी भारत सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली व ती मध्य रेल्वेत समाविष्ट केली. आता मार्ग रुंद होईल, अशी आशा लोकांना वाटली. ती फळास यावयास जवळजवळ अर्धे शतक लागले. दरम्यान पुणे-मिरज मार्ग 1971 साली मीटरचा ब्रॉडगेज झाला. बार्शी लाइटवर वाफेच्या इंजिनांच्या जागी डिझेलची इंजिने आली. याहून मोठे काही घडले नाही. डबे जुने झाले, तिकीट काढणारे कमी झाले. तोट्यातील मार्गावर खर्च करावयाचा नाही आणि खर्च न केल्यामुळे तोटा वाढावयाचा, असे हे चक्र चालले. या काळातील उदासीनतेला केवळ सरकार जबाबदार नव्हते. मार्ग रुंद करा म्हणून निवेदने देणारी आपली मंडळीही मालाची पावती ट्रकवाल्याकडेच फाडीत होती.

सर्व देशात एकाच मापाचे रूळ करण्याचे धोरण 1992 साली ठरले, तेव्हा या मार्गाचे भवितव्य निश्चित झाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कुर्डूवाडी-पंढरपूर हा तुकडा प्रथम रुंद झाला. लातूर-उस्मानाबाद 2007 साली आणि उस्मानाबाद-कुर्डूवाडी 2008 साली झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत पंढरपूर-मिरजेचे काम पुरे झाले. उस्मानाबाद शहर, ज्याचे नाव 2023 पासून धाराशिव आहे, जुन्या मार्गावर नव्हते. तेथील लोकांना येडशीस येऊन गाडी पकडावी लागे. नव्या आखणीत ते शहर मार्गावर आले, ही शंभर वर्षांची उणीव भरून निघाली. उलट, जेथे लहान गाडी हमखास थांबे अशा कित्येक लहान स्टेशनांवरून जलद गाड्या न थांबता जाऊ लागल्या. त्या स्टेशनांच्या आश्रयाने उभी राहिलेली आपली दोनचार जुनी दुकाने याच काळात मिटली.

लहान गाडीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांना मी एक प्रसंग नेहमी सांगतो. 2016 साली लातूर शहर पाण्यावाचून तडफडू लागले. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पंढरपूर, कुर्डूवाडी या मार्गाने पाण्याची आगगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेस दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास-पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या. मिरज ते लातूर हा तोच कंपनीचा मार्ग. आता जुना हिशेब मांडून पाहा. बार्शी लाइटच्या डब्यास चार आस, आसावर 5 टन, म्हणजे डब्याचे स्वतःचे वजन धरून 20 टन. दहा डब्यांचे 200 टन. त्या पहिल्या खेपेचे नुसते पाणीच सुमारे 500 टन होते. कॅलथ्रॉपचे रूळ तसेच राहिले असते, तर ते पाणी त्यांवरून आले नसते.

कुर्डूवाडीचा कारखाना मात्र लहान गाडीशी नाते राखून राहिला. नेरळ-माथेरानच्या अडीच फुटांहूनही अरुंद गाडीच्या डब्यांचे काम तेथे होत आले आहे. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी बार्शी लाइटची जुनी तिकिटे, मालाच्या पावत्या, वऱ्हाडाची छायाचित्रे अथवा बाजाराच्या फिरतीच्या हिशेबवह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता ज्ञातीच्या कार्यालयात पाहावयास आणाव्यात. नक्कल करून मूळ कागद परत दिले जातील.